पेट्रोल शंभरीपार: नागपुरात परवडणारी जुनी कार कशी शोधावी

जुनी कार घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "केवढ्यात बसेल?" आणि मग, "अ‍ॅव्हरेज किती देते?" प्रश्न दोन्ही बरोबर आहेत, पण उत्तरं विकणाऱ्याकडून घेऊ नका. पहिलं उत्तर कागद-पेन घेऊन काढायचं, दुसरं गाडीच्या अवस्थेवरून. मॉडेल एक, वर्ष एक, रंगही एक, तरी एक गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते आणि दुसरी १३ वर अडते. हे पाच किलोमीटर अडकलेल्या ब्रेकमध्ये, झिजलेल्या प्लगमध्ये आणि कोंदलेल्या एअर फिल्टरमध्ये जातात. त्यातलं बरंचसं गाडी घ्यायच्या आधी अर्ध्या तासात ओळखता येतं.

पुढचं सगळं दीड ते चार लाखांत पहिलीच गाडी घेणाऱ्यांसाठी आहे.

आधी रनिंग मोजा, मग मॉडेल बघा

महिन्याला गाडी किती चालणार, हा आकडा प्रामाणिकपणे लिहा. घर ते मिहान किंवा हिंगणा एमआयडीसी जाऊन-येऊन ३० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० झाले. महिन्यातून एकदा रामटेकला जाऊन या, आणखी शंभर. बाजारहाट, पाहुणे, दवाखाना मिळून अजून दीडशे. म्हणजे हजार किलोमीटर.

आता पेट्रोल हिशेबापुरतं १०५ रुपये धरू. १२ चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला हजार किलोमीटरला ८,७५० रुपये लागतात, १८ देणारीला ५,८३३. महिन्याला २,९०० चा फरक पडतो, वर्षाला ३५,००० चा आणि तीन वर्षांत लाखाच्या वर. म्हणजे ४०,००० स्वस्त मिळते म्हणून जुनी सेदान घेतली, तर ती बचत चौदा महिन्यांत पंपावर जाते.

पण हेच गणित महिन्याला ३०० किलोमीटर चालवणाऱ्याला लावून बघा. फरक ८७५ रुपयांवर येतो, वर्षाला साडेदहा हजारांवर. अशा घरात अ‍ॅव्हरेजच्या मागे लागून दमलेली ऑल्टो घेण्यापेक्षा थोडं जास्त पेट्रोल पिणारी, पण नीट राखलेली मोठी गाडी शहाणपणाची. आपण यातल्या कोणत्या बाजूला आहोत हे ठरल्याशिवाय यार्डात पाऊल टाकू नका. तिथे गेल्यावर डोळ्याला जी आवडते तीच गरज वाटायला लागते.

बजेट ठरवताना १५ टक्के बाजूला काढा. हातात अडीच लाख असतील तर गाडी २ लाख १० हजारांच्या आतली शोधा. उरलेले ४० हजार टायर, बॅटरी, क्लच, विमा आणि ट्रान्सफर यांना लागतात, आणि बहुतेक वेळा लागतातच.

भाव तपासताना मालकाने कधी काळी काय मोजले होते ते विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीची तुलना आजच्या नव्या गाडीच्या भावाशीच करा. पाच वर्षं चाललेली गाडी नवीच्या पाऊण किमतीला कोणी सांगत असेल, तर तिथे वेळ घालवू नका.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी

महिन्याला १,२०० किलोमीटरच्या आत रनिंग असेल तर हजार सीसीच्या आसपासची पेट्रोल गाडी घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत आहे. शहरात एसी लावून, सिग्नल खात खात चालवली तर ऑल्टो ८००, सेलेरियो १६ ते १९ देतात, वॅगनआर १.० आणि क्विड १५ ते १८, स्विफ्ट पेट्रोल १३ ते १६, ग्रँड आय१० १२ ते १५. होंडा सिटीसारखी सेदान १० ते १२ वर येते. कंपनीच्या कागदावरचे २२-२४ चे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे असतात. उन्हाळ्यात भर दुपारी व्हेरायटी चौकात उभ्या गाडीला ते लागू पडत नाहीत.

डिझेलचं गणित मोहक दिसतं. डिझेल ९१ आणि अ‍ॅव्हरेज २० धरलं तर किलोमीटरला साडेचार रुपये, त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीला सात. हजार किलोमीटरला अडीच हजार वाचतात. मात्र दीड लाख किलोमीटर झालेल्या डिझेलचं इंजेक्टर, टर्बो किंवा क्लचचं एकच काम निघालं की दहा-बारा महिन्यांची बचत एका बिलात जाते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर, तेही वर्धा, अमरावती, भंडारा असा हायवेचा प्रवास असेल तरच डिझेल घ्या. दिल्ली पासिंगच्या दहा वर्षांच्या स्वस्त डिझेल गाड्या इकडे विकायला येतात. दहा वर्षांनंतरचे निर्बंध दिल्ली परिसरातले आहेत, महाराष्ट्रात ती गाडी चालू शकते. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी धरली की स्वस्ताई बरीच आटते.

सीएनजीच्या बाबतीत मुंबई-पुण्याचे सल्ले इथे जसेच्या तसे लावू नका. नागपुरात हा गॅस दीर्घकाळ महाग राहिला. २०२२ मध्ये तर किलोचा दर शंभरीच्या वर गेला होता. आजचा दर आणि आपल्या रोजच्या वाटेवर पंप आहे का, एवढं आधी बघा. रांगेत अर्धा तास आणि पंपापर्यंत सहा किलोमीटर वाकडी वाट असेल तर बचत कागदावरच राहते. गाडी सीएनजीचीच घ्यायची ठरली तर तीन गोष्टी तपासा. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद हवी. विम्याच्या पॉलिसीतही ती हवी, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण येते. आणि टाकीवरच्या पाटीवर हायड्रो टेस्टची (टाकीच्या दाबाच्या चाचणीची) तारीख तीन वर्षांच्या आतली असावी. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवलेलं नसेल तर ती गाडी सोडून द्या.

आता पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलबद्दल. पंपावर सध्या मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील, गॅस्केट त्याला धरून बनवलेले असतात. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांचे नसतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या चारचाकींच्या अ‍ॅव्हरेजमध्ये ६ ते ७ टक्के घट धरली होती. म्हणजे १८ देणारी गाडी १७ च्या जवळ येते. जुनी गाडी घेऊ नये असा याचा अर्थ नाही. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचे रबरी पाइप बोटाने दाबून बघा. कडक झालेले, भेगाळलेले किंवा ओलसर असतील तर बदलावे लागतील. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल आणि पंपाचा आवाज, दोन्हीकडे लक्ष द्या, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

गाडी कुठे आणि कधी शोधावी

कामठी रोड, वर्धा रोड, अमरावती रोड आणि रिंग रोडच्या कडेने जुन्या गाड्यांची यार्डं आहेत. कंपन्यांची जुन्या गाड्यांची दुकानं आहेत, मोबाइलवरची अ‍ॅप आहेत. यार्डात निवड जास्त मिळते, पण मूळ मालक भेटत नाही, आणि मालकाशी बोलल्याशिवाय अर्धी गाडी कळत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडे नोंद करून घेणं नियमाने आवश्यक आहे. ते प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

आमचा कल सरळ मालकाकडून घेण्याकडे. आणि नागपुरात त्यासाठी एक चांगला झरा आहे: बदलीवर जाणारी माणसं. वायुसेनानगर, वेकोली (वेस्टर्न कोलफील्ड्स), रेल्वे, बँका, केंद्र सरकारची कार्यालयं. एप्रिल ते जून बदल्यांचा हंगाम असतो, सामान ट्रकमध्ये चढत असतं आणि गाडी दोन आठवड्यांत विकायची असते. एकाच मालकाची, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी अशा घरी मिळते. फक्त पासिंग बघा. ती परराज्यातली असेल तर एनओसी आणि टॅक्स आला. बीएच सीरिजची (बदलीच्या नोकरीवाल्यांसाठीचा, देशभर चालणारा नंबर) असेल तर तिचा टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो. तुम्ही त्या सीरिजसाठी पात्र नसाल तर साधा नंबर घेऊन पुढचा टॅक्स तुम्हालाच भरावा लागेल. तो आकडा आधी काढा, मग भाव बोला.

एमएच-३१, ४० आणि ४९ ही नागपूरची पासिंगं. एमएच-३४ म्हणजे चंद्रपूर, २९ यवतमाळ. कोळसा पट्ट्यात चाललेली गाडी वाईट असतेच असं नाही, पण तिथल्या धुळीने एअर फिल्टर, एसीचा कंडेन्सर आणि सस्पेन्शनचे बुश लवकर जातात. ते नीट बघून घ्या.

भाव करायला पितृपक्षासारखा काळ नाही. पंधरा दिवस गिऱ्हाईक फिरकत नाही आणि यार्डवाल्याचे पैसे अडकलेले असतात. दसरा-दिवाळीत लोक नवी गाडी काढतात, जुन्या बदल्यात देतात. त्यामुळे दिवाळीनंतरच्या महिन्यात निवड जास्त मिळते. ज्याला नेमकं मॉडेल हवं त्याने तेव्हा फिरावं, ज्याला पैसे वाचवायचे त्याने पितृपक्षात.

घरबसल्या चाळणी

गाडी बघायला जायच्या आधी नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की विषय तिथेच संपवा. परिवहनच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा व पीयूसी कधीपर्यंत आणि कर्ज असेल तर देणाऱ्या बँकेचं नाव दिसतं. ई-चलानच्या सरकारी साइटवर थकलेले दंड बघा. सिग्नल आणि वेगाचे चार-पाच दंड साठून काही हजार झालेले असतात. ते विकणाऱ्यानेच भरायचे, टोकन देण्याआधी.

नोंदणी संपण्याची तारीख नीट वाचा. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी आज घेतली तर २०२७ मध्ये नूतनीकरण येणार. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर आणि तपासणीसाठी करावी लागणारी डागडुजी वेगळी. वीस वर्षांपुढच्या कारला हीच फी १०,००० आहे. फार जुनी गाडी पन्नास-साठ हजारांत मिळते ती उगाच नाही.

सर्व्हिसचा इतिहास अधिकृत वर्कशॉपकडे नंबरवर नोंदलेला असतो. मालकाला तो मोबाइलवर मागवून दाखवायला सांगा. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. २०२१ मध्ये ७८,००० आणि आज मीटरवर ५२,००० असेल, तर पुढे काही विचारायची गरज नाही.

गाडी बघताना

सकाळी सात-आठला जा आणि निघण्याआधी फोन करून सांगा की इंजिन थंड राहू द्या. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे, आणि थंड इंजिनचा जो आवाज, जो धूर तुम्हाला बघायचा होता तो लपवला गेला.

उन्हात नाही, सकाळच्या तिरप्या उजेडात रंग बघा. दारावर आणि मडगार्डवर प्रकाश सरळ वाहत नसेल, लाटा दिसत असतील तर खाली पुट्टी आहे. बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टवर रंग उडालेला असेल तर ते उघडले गेले आहेत. एखादं दार रंगवलेलं असणं गुन्हा नाही, नागपूरच्या गर्दीत ओरखडे पडतातच. पण समोरची आडवी पट्टी, ज्यावर रेडिएटर बसतो, ती वेल्ड केलेली किंवा सरळ केलेली दिसली तर गाडी समोरून जोरात ठोकलेली आहे. अशा गाडीचं अलाइनमेंट सहसा पुन्हा नीट बसत नाही, टायर कडेने झिजतात आणि अ‍ॅव्हरेज कायमचं खाली राहतं. चेसिस नंबर आरसीशी एकेक आकडा वाचून जुळवा.

तेलाची कांडी काढा, पुसा, पुन्हा घाला. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. तेल ओतायच्या झाकणाच्या आत दुधी, सायीसारखा थर असेल आणि कूलंटही कमी असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. नुसताच पातळ थर थंडीत थोडं-थोडं चालणाऱ्या गाडीतही जमतो. दोन्ही मिळून आलं की सोडा. कूलंटच्या बाटलीत साधं नळाचं पाणी किंवा गंजाचा तपकिरी रंग दिसला तर मालकाने उन्हाळे कसे काढले ते कळलं. ४५ अंशांच्या गावात ही फार मोठी चूक आहे.

सुरू करताना एकाने मागे उभं राहावं. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. गाडी तापल्यावरही थांबत नसलेला, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जळतंय. थंडीच्या सकाळी पहिल्या दोन मिनिटांची पांढरी वाफ चालते.

चारही टायर आणि पाचवा स्टेपनी, प्रत्येकावर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचे टायर नागपूरच्या उन्हात कडेला तडकलेले असतात. छोट्या गाडीचे चार टायर साधारण १२ ते १६ हजारांना पडतात. गाडी ३०,००० किलोमीटरच चालली असं सांगतात आणि टायरचा दुसरा सेटही संपत आलेला आहे, तर मीटर खोटं आहे. क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड आणि काच वर-खाली करायचं बटण हेही किलोमीटर सांगतात.

बुडालेली गाडी ओळखणं

यावर जरा थांबायला हवं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन, सीट कव्हर बदलून पुन्हा बाजारात येतात. पॉलिश इतकं सुंदर असतं की शंका येत नाही.

पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पट्टा धुतात तो दिसेल तेवढाच. आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर भागावर मातीची आडवी रेषा राहते. मग खाली वाका आणि सीटच्या रुळाचे स्क्रू बघा. केबिनच्या आतलं लोखंड सहसा गंजत नाही, तिथे तपकिरी पापुद्रे आले असतील तर पाणी आलं होतं. डिक्कीत स्टेपनी उचला, खालच्या खळग्यात गाळ शोधा. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालचा फेल्ट दाबा आणि हाताचा वास घ्या. कुबट वास सुगंधी फवाऱ्याने झाकतात, फेल्टमधला जात नाही. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये तांब्याच्या टोकांवर हिरवा थर दिसतोय का तेही बघा.

बुडालेली गाडी का टाळायची, तर ती आज नीट चालते म्हणूनच. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी सहा-आठ महिन्यांनी गंज धरतं आणि मग कधी काच बंद, कधी एअरबॅगचा दिवा, कधी भर रस्त्यात इंजिन बंद. दरवेळी वेगळा बिघाड, आणि मेकॅनिकला मूळ सापडत नाही. कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

चालवून बघणं

किमान दहा-बारा किलोमीटर चालवा. आधी सिमेंटच्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. ५०-६० च्या वेगात घूं-घूं असा वाढत जाणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो, मात्र सिमेंट रस्ता स्वतःही आवाज करतो, म्हणून डांबरी तुकड्यावर खात्री करा.

चढासाठी सेमिनरी हिल्सची वाट चांगली. तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग मात्र तेवढाच राहिला, तर क्लच घसरतोय. घसरणारा क्लच पेट्रोल खातो आणि छोट्या गाडीतही सहा ते नऊ हजारांचं काम काढतो. ऑटो गिअरची गाडी असेल तर याच चढावर थांबवून पुन्हा हलवा. झटके देत असेल तर लांब राहा, त्या दुरुस्तीचा खर्च मोठा असतो.

अ‍ॅव्हरेज खाणारा सगळ्यात दुर्लक्षित दोष म्हणजे धरून बसलेला ब्रेक. सपाट रस्त्यावर २० च्या वेगात न्यूट्रल करून गाडी सोडून द्या. ती लोळत जायला हवी, कोणी मागून धरल्यासारखी थांबायला नको. पाच-सहा किलोमीटर चालवून उतरल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर त्याचा कॅलिपर किंवा ब्रेक शू अडकलाय. दुरुस्ती हजार-दीड हजारात होते, म्हणून या दोषामुळे गाडी सोडू नका, भाव कमी करून घ्या.

एसी दुपारी तपासा, शक्य असेल तर नवतपातच, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत. गाडी उभी ठेवून दहा मिनिटं एसी चालवा. हवा थंडच राहायला हवी, तापमानाचा काटा मधोमध हवा आणि रेडिएटरचा पंखा ठरावीक वेळाने सुरू-बंद व्हायला हवा. "फक्त गॅस भरायचाय" हे वाक्य ऐकलं की समजा, गॅस कुठून तरी गळतोय. कूलिंग कॉइल किंवा कंडेन्सर धरून ८ ते १५ हजार मनात वजा करा.

पाचशे-हजार रुपयांचं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र विकत घ्या. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं आणि मोबाइलवर इंजिन काय म्हणतंय ते दिसतं. दोष-कोड वाचा. कोड नाहीत, पण तपासणीचे बरेच रकाने "तयार नाही" दाखवत असतील, तर ते बहुधा नुकतेच पुसलेत. मग 'लाँग टर्म फ्यूएल ट्रिम' हा आकडा बघा. तापलेल्या इंजिनवर तो अधिक-उणे १० टक्क्यांत असला की इंधनाचं प्रमाण ठीक. उणे १५ किंवा त्याखाली गेला तर गाडीत पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येतंय आणि संगणक ते कमी करायला धडपडतोय: गळका इंजेक्टर किंवा बिघडलेला सेन्सर. अधिक १५ च्या वर म्हणजे कुठूनतरी बाहेरची हवा आत शिरतेय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. विकणाऱ्याच्या "अठराचं देते"पेक्षा हा एक आकडा जास्त खरं सांगतो.

एवढं सगळं जुळलं की शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला पाचशे-हजार देऊन गाडी लिफ्टवर चढवून बघायला लावा. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

भाव आणि पैसे

निघालेले दोष कागदावर रकमेसकट लिहा: टायर १४,०००, बॅटरी ४,५००, सस्पेन्शन ६,०००. हा कागद समोर ठेवून भाव बोला. "काही कमी करा ना भाऊ" म्हटलं की दोन हजार सुटतात, यादी दाखवली की पंधरा.

टोकन पाच हजारांच्या वर देऊ नका, आणि पावतीवर लिहून घ्या की कागदपत्रांत अडचण निघाल्यास टोकन परत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याने चालत नाही. पैसे बँकेतूनच द्या, आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात. भाच्याच्या किंवा एजंटच्या नाही.

कागद

फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे ज्याला सगळे टीटी फॉर्म म्हणतात, त्यावर आरसीवरच्या मालकाची सही तुमच्यासमोर घ्या. कोऱ्या, आधीच सह्या केलेल्या फॉर्मवर गाडी घेऊ नका. मधल्या दोन मालकांनी नाव न चढवताच गाडी फिरवलेली असते आणि मूळ मालकाचा पत्ता लागत नाही. मालक वारलेला असेल तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, मग तुमच्या.

आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. इथे पतसंस्थांनी दिलेली कर्जंही बरीच असतात आणि कर्ज फिटून चार वर्षं झाली तरी एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवायची राहून जाते. ते काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्या, "नंतर करून देतो" चालणार नाही. तुम्ही स्वतः कर्ज काढणार असाल तर फॉर्म ३४ ने नवी एचपी चढते.

२०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी बसलेली आहे का बघा. ती नसेल तर आरटीओत नाव चढवण्याचं काम अडतं. कारसाठी तिचा दर जीएसटी धरून ८७९ रुपये आहे. खर्च छोटा, पण बुकिंगची वाट बघावी लागते, म्हणून विकणाऱ्याला आधीच बसवायला सांगा.

ताबा घेताना दोन प्रतींत ताबा पावती करा: तारीख, वेळ, मीटरवरचे किलोमीटर, चेसिस नंबर, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्राच्या प्रती. वेळ लिहिण्याचं कारण असं की सकाळी झालेल्या अपघाताची किंवा सिग्नलच्या दंडाची जबाबदारी दुपारी गाडी घेणाऱ्यावर येऊ नये.

ट्रान्सफरचा अर्ज परिवहनच्या वेबसाइटवर भरता येतो. एमएच-३१ पासिंगचं काम अमरावती रोडवर गिरीपेठच्या आरटीओत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. पण तुम्ही १४ दिवसांचीच मुदत पाळा, कारण विमाही तेवढ्यातच आपल्या नावावर करायचा असतो. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं मात्र अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. आणि पॉलिसीवरची ५० टक्क्यांपर्यंतची नो क्लेम सूट जुन्या मालकाची असते, तुमची नाही. पॉलिसी नावावर करताना ती सूट काढून उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागतो, तोही बजेटमध्ये धरा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

मालकाने कालच सर्व्हिस केली असली तरी इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. हजार सीसीच्या मारुती इंजिनला तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं, डबा घेण्याआधी जाडीचा नंबर गाडीच्या पुस्तकात बघा. एअर फिल्टर, तीन किंवा चार स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडीची सफाई त्याच दिवशी. मग अलाइनमेंट. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली असते तेवढीच, सकाळी टायर थंड असताना भरा. दुपारी तापलेल्या रस्त्यावर भरली की आकडा फुगलेला दिसतो आणि दुसऱ्या सकाळी दोन-तीन पीएसआय कमी निघतात.

यानंतर टाकी पंपाची नळी आपोआप थांबेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा. त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे तुमचं खरं अ‍ॅव्हरेज. लागोपाठ तीनदा मोजून वहीत लिहून ठेवा. पुढे कधी त्यात दीड-दोन किलोमीटरची घट दिसली की आधी हवा, मग ब्रेक, मग एअर फिल्टर, याच क्रमाने बघा.

नवं आरसी कार्ड पोस्टाने घरी येतं. पाकीट उघडल्या उघडल्या नावाचं स्पेलिंग, पत्ता, इंधनाचा रकाना आणि चेसिस नंबर वाचा. कर्ज नसेल तर बँकेचा रकाना रिकामा आहे ना तेही बघा, आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज टाका.